सर, एवढं मनावर घ्या

मांजरसुंबा, जि. बीड

सर,

हे कॉलेजात बोलता आलं असतं. पण कुणाला चारचौघांत बोलू नये, हेच सांगायचंय, म्हणून पत्र लिहितेय.

परवाच्या बैठकीत तासिका तत्त्वावरच्या मॅडम अंतर्गत परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल काही सांगत होत्या. तुम्ही म्हणालात, "तुम्ही आपल्या तासापुरतं बघा." दारात तिसऱ्या वर्षाची मुलं सह्यांसाठी उभी होती. मॅडमनी वही मिटली, टोपण पेनाला लावलं आणि बैठक संपेपर्यंत मान वर केली नाही. त्यांना दिसलेली चूक तशीच राहिली, मागचे विषय राहिलेल्या मुलांचे दोन पेपर एकाच वेळी आले.

त्या केजकडून येतात, इथं चौकात गाडी बदलतात. पहिला तास चुकवत नाहीत. शिकवलेल्या तासाचेच पैसे, तेही रखडतात, आणि सुट्टी लागली की बंद. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, यात विभागप्रमुखाच्या, म्हणजे तुमच्या, शब्दाला वजन. त्या तुम्हाला उलट बोलतील कशा? लोक तुम्हाला परखड म्हणतात. पण प्राचार्यांसमोर हा परखडपणा मला कधी दिसला नाही, सर.

रॅगिंगविरोधी कायदा विद्यार्थ्यांसाठी, 2013चा कायदा लैंगिक छळासाठी. नुसत्या पाणउताऱ्याची तक्रार कुठं न्यायची, हे मॅडमना कुणीच सांगितलेलं नाही. मात्र यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत शिक्षकानं इतर शिक्षकांविषयी आदरानं बोलावं, असं स्पष्ट आहे. पदोन्नतीची फाइल करताना तीच नियमावली आपण पान न् पान चाळतो.

1918 साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या भांड्यातलं पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. तो जातीचा विखार होता, तुमच्या मनात तसं काही नाही हे मी जाणते. पण शिकलेली माणसं एका खोलीत बसून सहकाऱ्याला परकं कसं करतात, ते तिथं दिसतं. आपलं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे.

मॅडमना केबिनमध्ये बोलावून समजूत घालू नका. पुढच्या बैठकीत, त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर म्हणा, "मॅडम, वेळापत्रकाचं तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

आपली सहकारी