शेवटच्या दोन टेबलांवर

पुणे

चि. मन्या,



तू पाठवलेल्या डावांच्या नोंदी वाचल्या. पोकर मी खेळत नाही, आणि ऑगस्ट 2025च्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळायची सोय आपल्याकडे उरलेलीही नाही. लेस्टरला तुला ती मुभा आहे. पण तुझं दुखणं पत्त्यांचं नाही, हिशेबाचं आहे, आणि संख्याशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हणून लिहिते.

पाच पौंडांच्या स्पर्धेत शेवटच्या दोन-तीन टेबलांपर्यंत हमखास पोचतोस आणि मग चांगले पत्ते असूनही बाद होतोस, ही तुझी तक्रार. तू त्याला नशीब म्हणतोस. नोंदी वेगळंच सांगतात. तू बाद झालायस तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करून. स्वतः ऑल-इन गेलायस फार क्वचित.

चिप्स म्हणजेच पैसे, असं तू धरून चालतोस. स्पर्धेत तसं नसतं. समज, चौघे उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स आहेत, आणि बक्षिसं तीनच: 50, 30 आणि 20 पौंड. प्रत्येकाचा हिस्सा आत्ता 25चा. तू एकाशी भिडलास, जिंकलास, चिप्स दुप्पट झाल्या. हिस्सा मात्र 50 होत नाही, 38.33च होतो, कारण अजून दोघे शिल्लक आहेत आणि सगळ्या चिप्स गोळा केल्यास तरी 50च्या वर काही मिळायचं नाही. हरलास तर शून्य. म्हणजे 13.33साठी 25 पणाला लावायचे! ब्लाइंडचे पैसे बाजूला ठेवले, तर हा कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता निदान 65 टक्के हवी. समोरचा पत्ते न बघता ऑल-इन जात असेल, तेव्हा कुठे एक्का-राजा या रेषेला जेमतेम टेकतो. त्याच्याकडे कुठलीही जोडी असली, की एक्का-राजा निम्म्याच्याही खाली. आणि मधले 11.67 गेले कुठे? स्वस्थ बसलेल्या दोघांकडे, प्रत्येकी 5.83. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, इथे चौथ्याचाही.

या हिशेबाला तुम्ही लोक आयसीएम म्हणता. 1973 साली हारव्हिल यांनी घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडलेलं सूत्र त्याच्या मुळाशी आहे. पोकरच्या स्पर्धांना तो लावला मेसन मालमथ यांनी, 1987 मध्ये. घोड्यांचं सूत्र पत्त्यांना चपखल बसावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता हे वाचून भित्रा होऊ नकोस. कॉल कमी कर म्हणते, खेळ कमी कर म्हणत नाही. स्वतः ऑल-इन गेलास तर जिंकण्याच्या दोन वाटा असतात: समोरचा पत्ते टाकतो, किंवा कॉल करून हरतो. कॉल करणाऱ्याला एकच वाट. तुझ्याकडे दहा बिग ब्लाइंड उरले असताना दोन्ही ब्लाइंड आणि अँटी मिळून अडीच बिग ब्लाइंड मधे पडलेले असतात. कुणी कॉल केला नाही, तर पत्ते न दाखवता चिप्स पाव पटीने वाढतात. तू मात्र चांगल्या पत्त्यांची वाट पाहत पाचावर येतोस, आणि मग तुझ्या ऑल-इनला कुणी भीक घालत नाही. फक्त एक ध्यानात ठेव. स्वस्त स्पर्धांमध्ये लोक एक्का दिसला की कॉल करतात, मग जोडीला पंजी का असेना. त्यांना आयसीएम ठाऊक नसतं. अशांपुढे फुसक्या पत्त्यांवर ऑल-इन जाणं म्हणजे दोघांनी मिळून बाकीच्यांना पैसे वाटणं.

आयसीएमचा हा दबाव सतत सारखा नसतो, आणि तू नेमका उलटा वागतोस. तो चढतो दोनदा: बक्षिसांच्या तोंडाशी, म्हणजे बबलवर, आणि फायनल टेबलवर. मधल्या टप्प्यात एकेक पायरी चढून मिळतात ते काही पेन्स. तिथे चिप्स जवळजवळ पैशांसारख्याच धर आणि मोकळा खेळ. तुझी सर्वांत जास्त घाबरगुंडी तिथेच दिसते. बबलवर तुझ्याकडे मोठा साठा असेल, तर मधल्या साठ्यांच्या खेळाडूंना सतावत राहा. बाद होण्याची सर्वांत जास्त भीती त्यांना असते. उगाच कडेलोटाला आलेल्याच्या वाटेला जाऊ नकोस, तो काहीही घेऊन कॉल करेल.

नुसतं पैशात येऊन समाधान मानणं मला पटत नाही. तुझ्या स्पर्धेत शेवटचं बक्षीस प्रवेश फीच्या दुपटीलाही पोचत नाही, आणि मोठा वाटा पहिल्या तिघांकडे जातो. तिथवर क्वचितच पोचता येतं, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांच्या निकालांवरून खेळ सुधारला की बिघडला, हे ठरवता येणार नाही. तोवर साइटची फी दर वेळी कापली जाणारच. महिन्याची रक्कम ठरव आणि ती संपली की थांब. आयसीएमचे कॅल्क्युलेटर स्पर्धा संपल्यावरच उघड. खेळताना वापरायला साइटची बंदी असते.

आणि पुढच्या वेळी नोंदी पाठवशील तेव्हा जिंकलेले कॉलही पाठव. या खेपेला फक्त हरलेलेच पाठवलेस.

तुझी,
मावशी