शेवटचे पान आधी

रहस्यकादंबरी हाती आली की तिचे शेवटचे पान आधी वाचावयाचे, अशी मला एक फार जुनी खोड आहे. माझ्या रसिक मित्रांना ती मुळीच सहन होत नाही. पंगतीत बसून आधी श्रीखंड चाटून घेणाऱ्या आणि मग तोंड वाकडे करीत वरणभाताकडे वळणाऱ्या पोराचा हा असंस्कृतपणा आहे, असे ते म्हणतात. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने मुळात रहस्यकादंबऱ्या वाचाव्या हेही त्यांना पसंत नाही. या दुसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही. सकाळच्या तासाला मी वर्ड्स्वर्थवर बोलत असतो तेव्हा माझ्या डोळ्यांतली लाली दर वेळी काव्यसमाधीचीच असते असे नाही, एवढे कबूल करून मी मोकळा होतो.

पहिल्या आक्षेपाविषयी मात्र थोडे बोलावयाचे आहे. खून कोणी केला, रत्नहार कोणी पळविला, हे अखेरपर्यंत न कळले तरी माझी तक्रार नसते. रानात गेलेला माणूस परतला नाही, अशी जिची सुरुवात असते त्या कादंबरीपुरताच माझा धीर सुटतो.

१९७८ सालच्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांचा होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यास अजून वीस वर्षांचा अवकाश होता. माझे धाकटे काका तेंदूपानांच्या एका ठेकेदाराकडे फडमुन्शी होते. चैत्र-वैशाखात मजूर पाने तोडून त्यांची पुडकी बांधतात व फडावर आणून देतात; कोणाची किती आली याची नोंद ठेवणे हे फडमुन्शीचे काम. त्या वर्षी काकांचा फड मेळघाटात होता. एके दिवशी संध्याकाळी हिशेबाची वही मिटून ते मुक्कामाकडे निघाले, आणि पोचले नाहीत. वाट उणीपुरी मैलभराची. ट्रंक, वळकटी, दाढीचे सामान, सारे मुक्कामावर जागच्या जागी होते. वहीत एका पैचाही घोळ नव्हता. माझे वडील पोलिसांबरोबर आणि वाट काढणाऱ्या कोरकू मजुरांबरोबर पंधरा दिवस ते रान हिंडले आणि अंगावर काट्यांचे ओरखडे घेऊन परत आले. कोणी म्हणाले, वाघाने नेले. कोणी म्हणाले, मन उठले असेल, नर्मदेच्या परिक्रमेस लागले असतील. त्या वेळी काका एकतीस वर्षांचे होते आणि काकूंच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती.

काकांच्या उशाशी बाबूराव अर्नाळकरांची एक कादंबरी पडली होती. वाचनालयातून आणलेली, आणि निम्म्यावर एस. टी. चे तिकीट खुणेला घातलेले. घरातली मोठी माणसे माजघरात कुजबुजत बसलेली असताना मी ते पुस्तक माळ्यावर नेले. जे काही झाले असेल ते शेवटच्या पानावर असणार, अशी माझी पक्की समजूत होती. शेवटच्या पानावर सर्व उलगडा होता. फक्त आमच्या काकांचा तेवढा उल्लेख नव्हता. खूण न हलविता मी पुस्तक पुन्हा उशाशी ठेवले. खोड लागली ती तेव्हापासून.

पुढे अमरावतीस बी. ए. ला असताना संस्कृतच्या निमित्ताने दंडीचे दशकुमारचरित हाती आले. मोरेश्वर रामचंद्र काळे यांची ती इंग्रजी भाषांतरासह छापलेली आवृत्ती पूर्वीच्या विद्यार्थ्यांना चांगली आठवत असेल. तिच्यातली विश्रुताची कथा उघडली, आणि परीक्षेची सारी तयारी बाजूला राहिली.

विंध्याटवीत एका विहिरीच्या काठी आठ वर्षांचा एक मुलगा तहानेने व्याकुळ होऊन रडत उभा आहे. त्याच्यासाठी पाणी काढताना त्याच्याबरोबरचा म्हातारा विहिरीत पडला आहे. वाटसरू विश्रुत त्या म्हाताऱ्याला वेलीच्या आधाराने वर ओढून काढतो, मुलाला पाणी पाजतो, आणि मग म्हातारा, त्याचे नाव नालीजंघ, हकीकत सांगू लागतो. हा मुलगा विदर्भाचा राजपुत्र भास्करवर्मा. याचा आजा पुण्यवर्मा मोठा पराक्रमी व न्यायी. बाप अनंतवर्मा गुणी खरा, पण राजनीतीकडे पाठ फिरविणारा. वृद्ध मंत्री वसुरक्षिताने त्याला परोपरीने समजाविले. पण विहारभद्र नावाच्या खुषमस्कऱ्याने त्या उपदेशाची अशी काही टवाळी केली की राजा हसत हसत आपल्या विलासातच रमून राहिला. (हा टवाळीचा उतारा मूळातूनच वाचावा. राजाच्या दिवसाचे वेळापत्रक घेऊन त्यातल्या प्रत्येक घटकेची दंडीने जी रेवडी उडविली आहे, तशी माझ्या इंग्रजी वाचनातही फार थोड्या ठिकाणी सापडेल.) मग अश्मकाच्या राजाने हेर पाठवून विदर्भ आतून पोखरला, शेजाऱ्यांना चेतविले, आणि अनंतवर्मा लढाईत पडला. राणी वसुंधरा मुलांना घेऊन माहिष्मतीस नवऱ्याच्या सावत्र भावाच्या आश्रयास गेली. आश्रयदात्याची नियत फिरलेली पाहून तिने मुलाला या म्हाताऱ्याच्या हाती देऊन रानात पाठविले.

वाशीमकराला ही कथा परकी वाटू नये याला कारण आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. १९३९ साली येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ते नाव स्पष्ट कोरलेले आहे. या शाखेचा प्रबळ राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. हरिषेणानंतर हे बलाढ्य राज्य एकाएकी इतिहासातून नाहीसे होते. डॉ. वासुदेव विष्णु मिराशी यांनी असे प्रतिपादन केले की, त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी दंडीने जी कथा रचली तिच्यात या नाहीसे होण्याचीच आठवण शिल्लक आहे. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा दुबळा वारस. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. मला ते त्या वयात वेदवाक्य वाटले. वत्सगुल्माहून माहिष्मतीस म्हणजे नर्मदेकाठी जावयाचे तर सातपुडा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. तो पोर आणि तो म्हातारा ज्या रानात शिरले त्याच्याच अलीकडच्या कडेला आमच्या काकांचा फड होता, हे मी नकाशावर बोट ठेवून पाहिले.

खरी गोष्ट पुढेच आहे. विश्रुत नालीजंघाला माहिष्मतीस परत पाठवितो आणि उठवितो काय? राजपुत्राला वाघाने खाल्ले! रानात नाहीशा झालेल्या माणसाविषयी ज्या बातमीवर कोणीही शंका घेणार नाही ती हीच, हे त्याने अचूक ओळखले होते. इकडे राणी शोकाचे सोंग आणते, विषारी पाण्यात बुडविलेल्या माळेने दुष्ट दिराचा काटा काढते, आणि ठरल्या दिवशी देवीच्या मूर्तीखालच्या भुयारातून विश्रुत राजपुत्राला घेऊन बाहेर येतो. लोकांना सांगितले जाते की देवीनेच वाघिणीचे रूप घेऊन बाळाला नेले होते. ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. वाघाने नेले, हे तर आमच्याकडेही सर्वांनी सांगितले होते!

सवयीप्रमाणे मी शेवटच्या पानाकडे धावलो. तेथे दंडीने मला चांगलेच फसविले. दशकुमारचरिताची मूळ संहिता विश्रुताच्या कथेतच मध्येच तुटते. गेलेले राज्य परत मिळून सर्व स्थिरस्थावर झाल्याचे सांगणारी उत्तरपीठिका छापलेली असते खरी, परंतु ती दुसऱ्याच कोणाच्या हातची आहे. ज्याला रहस्य ठाऊक होते त्याचे शेवटचे पान हरवले, आणि ज्याला ते ठाऊक नव्हते त्याने ते लिहून पुरे केले.

ते १९९० साल होते. काकांना जाऊन बारा वर्षे झाली होती. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, असा शास्त्राचा सांगावा. त्याला पालाशविधी म्हणतात. शास्त्रकारांना मात्र निर्दय म्हणता येणार नाही. विधी झाल्यावर तो माणूस परत आलाच तर त्याला नुकता जन्मल्याप्रमाणे जातकर्मापासून सर्व संस्कार करावे, आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न करावे, अशीही सोय त्यांनी केलेली आहे. आमच्या ओसरीवर मंडळी जमली. घराच्या वाटणीचाही प्रश्न अडला होता. तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी एकाने विचारले, सरकारी कायदा काय म्हणतो? घरात इंग्रजी कायद्याचे पुस्तक वाचून अर्थ सांगू शकणारा मी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे एकशेआठवे कलम मी उभे राहून वाचले आणि त्याचा अर्थ स्पष्ट, मोठ्या आवाजात, थोड्या फुशारकीनेच सांगितला: सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे, हे तसे म्हणणाराने सिद्ध करावयाचे. काकू दाराआड बसल्या होत्या. त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून हुंदका वगैरे काही ऐकू आले नाही. थोड्या वेळाने पाट्यावर काही वाटल्याचा आवाज येऊ लागला. वडिलांनी गुरुजींना पोथी बांधावयास सांगितली, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मी वाचले ते कलम बरोबर होते. २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा आला, त्यातही सात वर्षे तीच आहेत. माझे चुकले ते हे की, तेथे सिद्ध करणारा जो कोणी, तो दाराआड बसला आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही.

त्या दिवाळीत काकू सुपात तूर पाखडीत बसल्या असताना मी त्यांना विश्रुताची गोष्ट सांगितली. क्षमा मागण्याचे धैर्य नव्हते, म्हणून गोष्ट. वाघाची अफवा खोटीही असू शकते, एवढे मला त्यांना सुचवावयाचे होते. भुयारातून राजपुत्र बाहेर येतो तो प्रसंग मी चांगला रंगवून सांगितला. काकूंचे तिकडे लक्ष नव्हते.

"त्या म्हाताऱ्यानं आईला जाऊन सांगितलं का, का पोरगं जित्तं आहे म्हणून?" त्यांनी विचारले.

मला आठवेना. मी पुस्तक आणून पाहिले. होय, वाघाची बातमी साऱ्या गावाला, आणि खरी हकीकत एकट्या राणीला, अशीच विश्रुताची योजना होती.

"मंग बरं केलं त्यानं," काकू म्हणाल्या. "तिच्यापाशी निरोप गेला ना, मंग पुढचं कसं बी झालं तरी चालते." आणि सूप झटकले.

परीक्षेत या कथेवर मला चांगले गुण मिळाले होते. पण तो निरोप मी वाचूनही वाचला नव्हता. तेव्हापासून या जातीची कादंबरी मी निराळ्या नजरेने वाचतो. शोधास निघालेल्यांबरोबर लेखक आपल्याला दऱ्याखोऱ्यांतून फिरवितो. घरी राहिलेल्या माणसाच्या वाट्याला पहिल्या प्रकरणात एक किंकाळी आणि शेवटच्या प्रकरणात एक आलिंगन येते, मधली दोनशे पाने ते काय करीत होते याचा पत्ता नसतो. जोन लिंडसे या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' ही १९६७ ची कादंबरी याला अपवाद आहे. सहलीस गेलेल्या शाळेच्या मुली व एक शिक्षिका खडकाळ डोंगरात नाहीशा होतात, आणि बाकीची कादंबरी मुख्यतः मागे राहिलेली शाळा कशी उसवत जाते ते सांगते. नवल असे की लेखिकेने उलगड्याचे शेवटचे प्रकरण लिहिले होते. प्रकाशकांच्या सल्ल्याने ते गाळले गेले आणि तिच्या मृत्यूनंतर १९८७ त निराळे छापून निघाले. सवयीप्रमाणे मी ते आधी वाचले. न वाचते तर बरे होते. ही एकच वेळ अशी की माझ्या मित्रांचे म्हणणे मला पटले.

काकू २०१६ साली वारल्या. सकाळची वेळ, पाऊस लागून राहिला होता. घरातल्या बायका बाहेर येऊन माझ्याकडे पाहू लागल्या. वडिलांच्या मागे घरात मोठा मीच. शेवटी एकीने विचारले, लुगडे कोणते आणावयाचे? मी म्हटले, हिरवे. ओटीचे सामानही आणा. कोपऱ्यातल्या एका वृद्ध आप्तांनी घसा खाकरला, पण ते काही बोलले नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्यांसाठी वारसांची नोंद करावी लागली. मूलबाळ नव्हते. छापील अर्जात वारसाचे नाव, मृताशी नाते, वय असे रकाने होते. पहिल्या ओळीत मी काकांचे पूर्ण नाव लिहिले, नात्यापुढे पती असे लिहिले. समोरचा कारकून तरुण होता. अर्ज तपासताना वयाचा रकाना कोरा दिसला तेव्हा त्याने पेन पुढे केले. मी बोटांवर हिशेब केला आणि लिहिले, एकोणसत्तर.