जैसलमेरचे टाके आणि भाईंदरची गच्ची

नायगाव सुटले की लोकल गाडी वसईच्या खाडीवर येते. पुलाखाली भरती-ओहोटीचे खारे पाणी, मध्ये पाणजू बेट, पलीकडच्या काठाला मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्या पाठीमागे एकाला एक लागून उभ्या इमारती. भाईंदरचे प्रथमदर्शन पाण्याचेच होते. शहराच्या उत्तरेला खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे हिरवे डोंगर. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तरीही या शहरातील गृहिणीचा दिवस नळाच्या वेळेप्रमाणे आखलेला असतो आणि सोसायटीच्या हिशेबात टँकरची रक्कम ठरलेली असते.

१९८५ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. एवढ्या लोकवस्तीला स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघर योजनेचे आणि एमआयडीसीचे पाणी दूरवरून जलवाहिन्यांतून येते. ते कमी पडले की टँकर.

याच शहरात मारवाडातून, गोडवाडातून, सिरोही-जालोरकडून आलेली हजारो कुटुंबे राहतात. कोणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदारीत आले, कोणी कापडात, कोणी सोन्या-चांदीत. पुढे काहींनी बांधकामात हात घातला. सुट्टी लागली की सूर्यनगरी किंवा रणकपूर एक्स्प्रेसने फालना आणि मारवाड जंक्शनकडे जाणाऱ्यांत भाईंदरकरांची संख्या मोठी असते. दिसावराला निघालेल्या आजोबांनी पेढीची शिस्त बरोबर आणली, पाकसिद्धीचे नियम आणले, पाणी गाळून वापरण्याचा आचार आणला. मात्र गावच्या घराच्या अंगणाखाली असलेले टाके तिथेच राहिले.

मरुभूमीने पाण्याला एक नाव कधीच पुरेसे मानले नाही. आकाशातून थेट पडणारे ते पालर पाणी. विहिरीच्या तळाशी लागणारे, बहुधा खारट, ते पाताळपाणी. आणि वाळूत मुरून खालच्या खडियाच्या थरावर ओलाव्याच्या रूपाने अडून राहणारे ते रेजाणी पाणी. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात या तिन्ही पाण्यांचा संसार सविस्तर मांडला आहे. ज्या समाजाने पाण्याच्या उगमाप्रमाणे नावे ठेवली, त्याने त्यांची खातीही वेगळी ठेवली. पालर पाणी पिण्यासाठी, विहिरीचे इतर कामांसाठी. एकाच्या खात्यातून दुसऱ्याचा खर्च होत नसे.

टाक्याचा हिशेब व्यापाऱ्याला सहज पटण्यासारखा आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वाईट वर्षी दीडशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पंधरा हजार लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा तुटीत धरला तरी बारा हजार लिटर उरते. सहा माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी माणशी पाच लिटर म्हणजे दिवसाला तीस लिटर लागतात. बारा हजार लिटर चारशे दिवस पुरतात. म्हणजे दुष्काळी वर्षातही पुढच्या पावसापर्यंत घर तरते आणि थोडी शिल्लक राहते. गच्चीचा उतार, पन्हाळीचे तोंड, पहिल्या सरीचे मळके पाणी बाहेर सोडण्याची सोय, टाक्याला आतून चुन्याचा गिलावा: घराची रचनाच या हिशेबाभोवती बेतलेली असे. तेव्हा त्याला कोणी ‘शाश्वत वास्तुरचना’ म्हणत नव्हते.

जैसलमेरात गुमानचंद पटवा या जैन व्यापाऱ्याच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात पाच हवेल्या उभारल्या. पर्यटक त्यांचे कोरीवकाम पाहून थक्क होतो. पण ते कोरीवकाम केवळ वैभवाचे प्रदर्शन नव्हे. सपाट भिंत दिवसभर तापते, कोरलेल्या भिंतीवर तिच्याच उठावांची सावली पडत राहते. जाळीतून येणारा वारा झिरपत येतो आणि प्रखर उजेड मऊ होतो. गल्ली अरुंद असल्याने समोरासमोरचे झरोके एकमेकांना सावली देतात. शेजाऱ्याच्या घराची सावली आपल्या भिंतीवर पडावी, हा त्या नगररचनेचा अलिखित करार होता.

त्याच जैसलमेरची दुसरी कथा मात्र अभिमानाने सांगण्याजोगी नाही. बाराव्या शतकापासून लोकवस्तीने भरलेला तेथील किल्ला विसाव्या शतकाच्या अखेरीस खचू लागला. शत्रूने नव्हे, नळाने तो पोखरला. पूर्वी गडीसर तलावावरून डोक्यावर घडे वाहून पाणी वर येई. त्यामुळे घरोघरचा खर्च मोजका होता आणि सांडपाणीही बेताचेच. जलवाहिनी आली, किल्ल्यात निवासगृहे वाढली, स्नानगृहे वाढली, आणि मोजक्या पाण्यासाठी केलेल्या जुन्या मोऱ्यांना तो भार पेलवेना. झिरपलेले पाणी तटाखालच्या मातीत शिरले, बुरूज ढासळले. जागतिक वारसा-निधीने १९९६ सालच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव घातले. २०१३ साली युनेस्कोच्या वारसायादीत राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला स्थान मिळाले. आठ शतके तहान सोसलेल्या वास्तूला मुबलक पाणी सोसले नाही. येणाऱ्या पाण्याबरोबर जाणाऱ्या पाण्याची व्यवस्था झाली नाही, हे त्याचे कारण.

आजच्या वास्तुविशारदांनी वाळवंटाकडे पुन्हा वळून पाहिले आहे. जैसलमेरजवळच्या कनोई गावी राजकुमारी रत्नावती कन्याशाळा २०२१ साली सुरू झाली. अमेरिकन वास्तुविशारद डायना केलॉग यांनी तिची रचना लंबवर्तुळाकार केली. स्थानिक कारागिरांनी स्थानिक पिवळ्या दगडात ती घडवली. जाळीच्या भिंती, मधले अंगण, छतावर सौरपट्ट्या, पावसाचे पाणी साठवण्याची योजना. वातानुकूलन यंत्र नाही. अबुधाबीजवळचे मसदर हे नगर याहून कितीतरी मोठ्या महत्त्वाकांक्षेने नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आखले. तेथील गल्ल्या जुन्या अरबी शहरांप्रमाणे अरुंद आणि सावलीच्या आहेत, चौकात पंचेचाळीस मीटर उंचीचा वातमनोराही आहे. मात्र २०१६ पर्यंत पुरे व्हायचे ते नगर मुदतीत पुरे झाले नाही. पैशाच्या बळावर वाळूत शहर वसवणे आणि तिथे माणसांचा संसार रुजणे या दोन वेगळ्या गोष्टी. कनोईची लहानशी शाळा या दृष्टीने अधिक शहाणी वाटते.

अर्थात जैसलमेरची हवेली उचलून भाईंदरला ठेवता येणार नाही. तिथली हवा कोरडी, रात्री भिंत निवते. इथली दमट, रात्रीही घाम पुसावा लागतो. इथे जाड भिंतीपेक्षा आरपार वारा हवा, खोल छज्जा हवा. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीत प्रत्येक घराला दुमजली उंचीची बागेची गच्ची दिली. जुन्या बंगल्याच्या ओसरीचेच ते उंचावर नेलेले रूप. तिच्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही बैठकीच्या दाराबाहेर राहिले. मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींनाही गॅलऱ्या होत्या. खोली हातभर वाढावी म्हणून घराघराने त्या काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केल्या, आणि वाऱ्याची वाट अडल्यावर बाहेरच्या लोखंडी जाळीत वातानुकूलन यंत्र बसवले. नव्या मनोऱ्यांना तर काच आरंभापासूनच हवी असते. पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून उभी राहिलेली काचेची भिंत, मग ती थंड करण्यासाठी आयुष्यभराचे वीजबिल. एरवी दमडीचा हिशेब ठेवणाऱ्या घरात हे खपून कसे जाते, याचे नवल वाटते.

वाळवंटाकडून घ्यायचा तो आकार नव्हे, हिशेब. भाईंदरच्या एखाद्या जुन्या चार मजली इमारतीची गच्ची तीनशे चौरस मीटर धरली, तर दोन हजार मिलिमीटर पावसात तिच्यावर सहा लाख लिटर पाणी पडते. तूट वजा जाता चार लाख ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठेचाळीस टँकर. चाळीस घरांत एकशे ऐंशी माणसे असतील आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर हे पाणी जेमतेम वीस दिवसांचे. मारवाडातल्याप्रमाणे वर्ष निघणार नाही. पण ते चार महिन्यांत पडते तसे वापरले, तर दिवसाला सरासरी चार हजार लिटर मिळतात. शौचालये, फरशी आणि झाडे यांचा मोठा भार नळावरून उतरतो. त्यासाठी पन्नास हजार लिटरचे तळघरातील टाके आणि स्वतंत्र नळजोडणी लागते.

येथे एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. पर्जन्यजल-संधारण म्हटले की बहुतेक ठिकाणी एक खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरतात आणि पाणी जमिनीत सोडतात. डोंगराच्या पायथ्याला, काशीमिऱ्याच्या बाजूला, ते योग्यही ठरू शकते. परंतु खाडीलगतच्या पट्ट्यात खाली चिकण खारी माती असते. तिच्यात पाणी धड मुरत नाही, आणि मुरले तरी खाऱ्या पाण्यात मिसळते. मरुभूमीच्या भाषेत सांगायचे तर इथले पाताळपाणी खारे आहे, भरवसा पालर पाण्याचाच. म्हणून या पट्ट्यात खड्ड्यापेक्षा टाके बरे. नियमाने पाचशे चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर ही योजना सक्तीची केली आहे. कागदावर खड्डा दाखवला की सक्ती पुरी होते, पाण्याची गरज मात्र होत नाही.

ही परंपरा केवळ राजस्थानची आहे असेही नाही. भाईंदरच्या पूर्वेला दिसणाऱ्या त्याच डोंगररांगेत, बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीची लेणी आहेत. लेण्यालेण्याला खडकात खोदलेले टाके आहे आणि डोंगराच्या उतारावरचे पाणी त्यांत आणण्यासाठी पन्हाळी कोरल्या आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने असे टाके दान दिल्याची नोंद तिथे दगडावर आहे. इमारतीला पाणी देणे हे व्यापाऱ्याच्या दानाला शोभणारे काम मानले जाई.

शांतीनगर काय किंवा भाईंदरच्या पश्चिमेच्या जुन्या वसाहती काय, ऐंशीच्या दशकातल्या चार मजली इमारती आता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. चार मजल्यांच्या जागी वीस-पंचवीस उभे राहतील. उंची वाढली तरी गच्ची तेवढीच राहते. पाऊस तोच, वाटेकरी पाचपट. इमारत जितकी उंच, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा पाऊस कमी. तेव्हा गच्चीबरोबर वाहनतळाचे छत आणि अंगणही पाणी धरणारे असायला हवे, आणि स्नानाचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्थाही हवी. हे सारे इमारत उभी राहिल्यावर बसवता येत नाही. नकाशातच असावे लागते.

दरम्यान सूर्या प्रादेशिक योजनेचे ४०३ दशलक्ष लिटर पाणी आखले गेले आहे. त्यातील २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरच्या वाट्याचे. ते पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीचे आहे, आणि धरणाखालच्या शेतकऱ्यांनी व आदिवासींनी शहरांकडे वळणाऱ्या या पाण्याला विरोधही नोंदवला आहे. नळ भरून वाहू लागला की टाक्याची आठवण कोणाला राहणार? जैसलमेरच्या किल्ल्यातही प्रथम जुनी टाकीच विस्मरणात गेली होती.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासक नकाशा मांडतो, तेव्हा प्रश्न बहुधा दोनच विचारले जातात: चटईक्षेत्र किती वाढवून मिळणार आणि गाडीला जागा किती. तळघराच्या त्याच नकाशात एका कोपऱ्यात टाक्याची चौकट असते. तिच्यात किती लिटर मावतात, पावसाचे पाणी तिच्यापर्यंत कोणत्या नळाने येते आणि तिथून कोणत्या मजल्यापर्यंत जाते, हे सही करण्यापूर्वी विचारायला पाच मिनिटे लागतात.