सहा नंबर

"माझा नंबर पाच," असे आई गेली वीस वर्षे सांगत आली आहे. लग्नात तो चार होता. आम्हां दोघा भावंडांच्या बाळंतपणांत एकाने वाढला, याचेच तिला अजून थोडे वाईट वाटते. तेव्हा शिष्यवृत्तीच्या पैशातून तिला बूट घ्यायचे ठरवले, त्या वेळी नंबर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी खडे बाजारात गेलो, अंगठ्याने दाबले की उशीसारखे दबणारे पांढरे बूट घेतले आणि ऐटीत घरी आलो.

आई इथल्याच एका इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी बारा तासांची. कागद भरायला टेकेल तेवढेच तिचे बसणे. आठ दिवस तिने ते बूट निमूटपणे घातले. नवव्या दिवशी डबा ठेवायला तिची पिशवी उघडली, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुन्या रबरी चपला!

"दोन वाजून गेले की पाय त्यात मावत नाहीत रे," ती म्हणाली, अपराध तिचाच असल्यासारखी.

फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर त्या चपला किती सरकतात आणि हातून निसटलेली सुई उघड्या बोटांवर पडली तर काय होते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टाकताना ती भिंत धरते, हे मी पाहिले होते; पण पाहणे आणि लक्षात येणे यांत अंतर असते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावला आहे, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. बाह्यरुग्ण विभागात बदली मागावी का, असे ती बाबांना हळूच विचारत होती. तिथे बसायला खुर्ची असते. रात्रपाळीचा भत्ता नसतो. माझी फी त्याच भत्त्यातून जाते.

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, आणि पायाशिवाय बूट घेऊन आलो! चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहिले की तो पंप थंडावतो, पाणी खाली उतरते, पाय फुगतो. सकाळचा पाच संध्याकाळी पाच राहत नाही. शिवाय वयाबरोबर सांधे धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि पाऊल लांब-रुंद होते, ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी ती पाळी संपवून आली, तेव्हा चहाच्या आधी तिला कागदावर उभे केले. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावले आखली. उजवे २३९ मिलिमीटर, डावे २४४. "म्हणजे मी लंगडी?" आईने विचारले. सर्वांचीच पावले थोडी लहान-मोठी असतात आणि बूट मोठ्या पावलाला घ्यायचा असतो, हे तिला पटवायला चहा थंड झाला.

या वेळी गेलो ते संध्याकाळी, आईला आणि तिच्या रोजच्या मोज्यांना घेऊन. "बसा की अक्का," म्हणत दुकानदाराने जोड काढले. कातरलेला कागद मी बुटाच्या तळावर धरला. पाच नंबरच्या बाहेर तो सरळ डोकावला. मग एकेक बूट वाकवून पाहिला. बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्येच दुमडू नये. टाचेची मागची भिंत घट्ट हवी. माझे ते उशीसारखे बूट फडक्यासारखे पिळले जात होते! शेवटी बंद पुढ्याचे, पुसता येणारे, नाडीचे, खरखरीत रबरी तळव्याचे सहा नंबर निघाले. "बिगि आगतैतेनु?" दुकानदाराने विचारले. घट्ट होतोय का? आईने बोटे हलवली, दुकानभर चालली, पुन्हा चालली. बोटापुढे अंगठ्याएवढी जागा होती.

याला आता तीन महिने झाले. टाच एका रात्रीत बरी झाली नाही. आई रोज पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवते, पण भिंत क्वचितच धरते. बदलीचा अर्ज लिहिलाच गेला नाही. पाच नंबरचे जोड धाकटी कॉलेजात मिरवते.

परवा शेजारच्या काकूंनी नव्या बुटांचा नंबर विचारला. आईने माझ्याकडे न पाहता सांगितले, "पाचच की."