टॅलीतून बाहेर पडणारा हिशेब

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावासारख्या गावात सोयाबीन, तूर, खते आणि बियाणे यांच्या व्यापाराचा हिशेब संगणकावर असेल, तर तो बहुधा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर असतो. मात्र तो लिहिला जातो दुकानात आणि तपासला जातो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बसणाऱ्या कर सल्लागाराच्या टेबलावर, त्यामुळे ‘डेटा पाठवा’ हा निरोप मार्च उलटला की दर दुकानात येतो. त्या निरोपाला उत्तर म्हणून नेमके काय पाठवायचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरे, म्हणजेच एक्सटेंशन, ही डॉसच्या काळातील आठ अधिक तीन अक्षरांच्या मर्यादेतून रूढ झालेली खूण असून ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची एवढेच सांगते, आत काय आहे याची हमी देत नाही. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. उलट कित्येक संकेतस्थळांवरून ‘एक्सएलएस’ म्हणून उतरवलेली फाइल आतून साधे वेबपान असते आणि एक्सेल ती उघडताना तशी सूचनाही देते, जी वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. त्यातच विंडोज ओळखीची एक्सटेंशने मुळात झाकूनच ठेवते, ही सोय म्हणावी की खोडी हा प्रश्नच आहे.

टॅलीचा स्वतःचा डेटा कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये राहतो आणि त्यातील फाइलींची एक्सटेंशने ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीत ‘९००’, तर टॅलीप्राइम या नव्या आवृत्तीत ‘१८००’ अशी आकडी असतात. या फाइली टॅलीशिवाय कोणाला वाचता येत नाहीत, आणि जुना डेटा नव्या आवृत्तीत नेता येत असला तरी नव्याचा जुन्यात आणता येत नाही; म्हणून बॅकअप हा त्याच घरात परत येण्यासाठी असतो, परक्या प्रोग्रॅमकडे जाण्यासाठी एक्सपोर्टच करावा लागतो. एक्सपोर्ट करताना पीडीएफ, एक्सेल, एक्सएमएल असे पर्याय समोर येतात, तेव्हा खरा प्रश्न समोरचा माणूस त्या फाइलीचे काय करणार हा असतो. नुसते पाहून सही करायची असेल तर पीडीएफ पुरते, बेरजा करायच्या असतील तर एक्सेल, आणि दुसऱ्या टॅलीत नोंदी चढवायच्या असतील तर एक्सएमएल, ज्यात प्रत्येक रकमेच्या दोन्ही बाजूंना ती रक्कम कशाची आहे हे सांगणारी खूण लिहिलेली असते. सल्लागाराला वर्षभराची रोजकीर्द पीडीएफमध्ये पाठवणे म्हणजे त्याला ती पुन्हा हाताने लिहायला लावणे होय.

एक्सएमएलचीही एक शिस्त आहे. आधी मास्टर, म्हणजे खात्यांची आणि मालाची नावे, आणि मग व्हाउचर, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार, हा क्रम मोडला तर ज्या खात्याचे नावच नव्या ठिकाणी नाही त्याची नोंद नाकारली जाते. शिवाय डे बुक, म्हणजे रोजकीर्द, उघडले की ते शेवटच्या नोंदीचा एकच दिवस दाखवते आणि कालावधी न बदलता एक्सपोर्ट केल्यास तेवढाच दिवस बाहेर पडतो. फाइल मात्र निर्दोष दिसते.

स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या सीएसव्ही फाइलीत धोका उघडताना असतो. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल, तर ५ जुलैला घेतलेले खत एक्सेलमध्ये ७ मेच्या खात्यावर पडते आणि १३ जुलैचे मात्र तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून राहते, म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस बिघडतात आणि उरलेले बिघडल्यासारखे दिसतात. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि एक्सेल १५ अंकांपलीकडे अचूक राहत नसल्याने १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो.

मराठी नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. एक्सपोर्टमध्ये युनिकोडऐवजी आस्की ही फक्त इंग्रजी अक्षरे जाणणारी पद्धत निवडली गेली, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि सारख्या लांबीची दोन नावे एकच होऊन बसतात. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमधील नावे तर आतून इंग्रजी अक्षरेच असल्याने ती आधी रूपांतरित करावी लागतात. २९ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली, तेव्हापासून गावोगावच्या सोसायट्यांची जुनी खाती एकाच सामायिक प्रणालीत नेण्याच्या कामात हाच प्रश्न येतो. नावे बिघडली तरी रकमा शाबूत राहतात आणि तेरीज जुळते, पण कर्ज कोणाच्या नावावर आहे हे कळत नाही. म्हणून जाणकार हिशेबनीस तेरजेबरोबर दोन्ही बाजूंच्या खात्यांची संख्याही मोजतो आणि चार-सहा सभासदांची खाती नावानिशी उघडून पाहिल्यावरच जुना संगणक बंद करू देतो.