धाग्याधाग्याची खतावणी



आज स्वयंपाकघर नाही, हिशेब. आमच्या सूनबाईंचा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम रोज थोडी थोडी जास्त मेमरी खात होता आणि तीन-चार दिवसांनी बंद पडत होता. रात्री दोनला फोन तिलाच. प्रोग्रॅम रस्ट भाषेतला. त्यात एकाच वेळी अनेक कामं चालतात, एकेका कामाचा एक थ्रेड, म्हणजे धागा. मेमरी मात्र सगळ्यांत सामाईक. एकूण खर्च दिसायचा, कोणाचा ते कळायचं नाही.

बी.कॉम. झालेल्या बाईला एकच सुचतं, प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. सूनबाईंनी तेच केलं. मेमरी देणाऱ्याला ॲलोकेटर म्हणतात, गोदाम सांभाळणाराच म्हणा ना. २०१८ साली आलेल्या १.२८ आवृत्तीपासून रस्टमध्ये त्याच्या जागी आपला माणूस बसवता येतो. तो माल मूळ गोदामातूनच देतो, फक्त जाता-येता नोंद करतो. मला आवडलं ते हे, की परत करतानाही किती ते सांगावंच लागतं. सी भाषेत नुसता पत्ता देऊन मोकळं होतात!

एक मेख आहे. नोंदीसाठी नवं पान मागितलं, तर त्या पानाचीही नोंद आली, मग तिच्यासाठी आणखी पान. म्हणून प्रत्येक धाग्यापाशी एकच ठरलेला आकडा, त्यातच अधिक-उणे करायचं.

पहिल्याच दिवशी एका धाग्याची शिल्लक उणे निघाली. घेतल्यापेक्षा परत जास्त?

मी म्हटलं, "अगं, एकाने आणलेला माल दुसऱ्याने परत केला असेल."

"हो आई, एक धागा निरोप तयार करतो, दुसरा वाचून टाकून देतो."

शाखांच्या खात्यांत हेच असतं. मुंबई शाखा माल पाठवते, पुणे शाखा विकते. एकाच शाखेची वही बघून चोर ठरवायचा नसतो. दोघांची बेरीज केली, ती जवळजवळ शून्य.

वाढत होतं तिसरंच खातं. तो धागा प्रत्येक उत्तर पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवत होता, काढत काहीच नव्हता. परत दिलेली मेमरी रस्ट चुकून वापरू देत नाही, पण धरून ठेवलेली सोड असं काही म्हणत नाही.

आता त्या साठ्याला मर्यादा घातली आहे. गेल्या पाच रात्री फोन वाजला नाही. सूनबाई म्हणते, महिनाभर बघू. तोवर खाती चालूच आहेत.