शेवटचा ‘त’

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाई पाव पिशवीत घालता घालता एकच शब्द विचारतात, ‘माश्त?’ म्हणजे आणखी काही देऊ का? ‘माश’ म्हणजे दुसरं आणि त्याला लागलेला ‘त’ म्हणजे कर्माचा प्रत्यय. कर्ता नाही, क्रियापद नाही, तरी वाक्य पुरं होतं. हंगेरियन मला खऱ्या अर्थानं उलगडली ती बुदापेश्तच्या या काउंटरवर, त्या एका ‘त’मुळे.

मराठी कानाला हा ‘त’ सुरुवातीला फार चकवतो. कावे म्हणजे कॉफी. ‘कावेत केरेक’ म्हणजे कॉफी मागते, द्या. आपल्याला ते ‘कॉफीत’ असं ऐकू येतं, कारण आपला ‘त’ सप्तमीचा. त्यांच्याकडे ते काम ‘बॉन’ किंवा ‘बेन’ करतात. हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात. केर्त म्हणजे बाग, केर्तबेन म्हणजे बागेत. दोन्हींतलं कुठलं लावायचं हे मूळ शब्दातले स्वर ठरवतात.

क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून शिकवत, त्यामुळे मी ‘इन’, ‘ऑन’सारखे शब्द नामाच्या आधी शोधत राहायचे. एका संध्याकाळी वहीच्या समासात मराठी लिहायला लागले : घरात, घरातून, टेबलावर, टेबलावरून. तेव्हा लक्षात आलं, की शब्दाच्या शेवटाकडे बघायची सवय मला लहानपणापासूनच आहे. एक भेद मात्र नव्यानं शिकावा लागला. कप टेबलावर आहे आणि कप टेबलावर ठेव, दोन्हीकडे आपलं ‘वर’ तेच. हंगेरियनमध्ये असलेला कप ‘ऑस्तॉलोन’ आणि ठेवायचा कप ‘ऑस्तॉलरॉ’.

हा ‘रॉ’ फार जुना. तिहान्यच्या मठाची 1055ची सनद लॅटिनमध्ये आहे, पण तिच्यात मधूनमधून हंगेरियन शब्द येतात. तिथे तो ‘रेआ’ असा सुटा शब्द म्हणून लिहिलेला आहे. पुढे तो झिजला आणि नामाला चिकटला. आपलं ‘मध्ये’ही मुळात ‘मध्य’ या नामातूनच आलेलं. सुटे शब्द असे हळूहळू दुसऱ्याच्या आधारानं राहायला लागतात, हे मला फार सुंदर वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला क्रियापदानं. बेकरीत कोकोची गुंडाळी मिळते, तिला ‘कॉकॉओश चिगॉ’ म्हणतात. चिगॉ म्हणजे गोगलगाय. एखादी, कुठलीही हवी असेल तर ‘केरेक एज् चिगात’. ती समोरची, आपण आत्ताच जिच्याबद्दल बोललो तीच हवी असेल, तर ‘केरेम ऑ चिगात’. मागणारी मीच, मागणंही तेच, पण वस्तू ओळखीची झाली की क्रियापद बदलतं. मराठी क्रियापदही कर्माकडे बघतं : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. ते कर्माचं लिंग आणि वचन बघतं. हंगेरियनमध्ये लिंगच नाही, तो आणि ती यांना एकच सर्वनाम. तिथलं क्रियापद विचारतं, ही वस्तू ठरलेली आहे की कुठलीही चालेल? हा प्रश्न बोलण्याआधी मनाशी सोडवायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाचा मला आनंद आहे.

परवा बाईंनी विचारलं, तुमच्या आई कुठे असतात? मी बुदापेश्तला राहते ती ‘बुदापेश्तेन’, म्हणजे जणू बुदापेश्तवर. हंगेरीतल्या बहुतेक गावांना हाच ‘वर’ लागतो. परदेशातल्या गावांना बॉन-बेन. मी नुसतंच म्हटलं, सातारा, आणि कागदावर रोमन लिपीत लिहून दाखवलं. त्यांनी आपल्या पद्धतीनं वाचलं, ‘शॉतॉरॉ’. त्यांच्या लिपीत एकट्या ‘एस’चा उच्चार ‘श’.

पण शब्दाच्या शेवटी असा ऑ असला, की प्रत्यय लागताना त्याचा आ होतो; चिगॉचं चिगात झालं तसं. आपल्याकडेही सातारा तसाच राहत नाही, साताऱ्यात होतो. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वतःशीच सावकाश म्हणून बघितलं, ‘शॉतॉराबॉन’. त्यातला ‘रा’ अगदी आमच्या गावचा होता.